तार चांगली होती

आमच्या आळीत सकाळचे सात वाजले हे कळायला घड्याळ लागत नसे. हवालदारमामांच्या पडवीतून हँडल फिरवल्याची घर्रघर्र यायची, आणि पाठोपाठ त्यांचा मोठ्या आवाजातला एकच प्रश्न, "ठीक?" पलीकडचं उत्तर आम्हाला ऐकू येत नसे. ते ऐकून मामा म्हणत, "ठीक," आणि रिसीव्हर ठेवत. संध्याकाळी पाचला याच्या उलट. तेव्हा घंटी त्यांच्याकडे वाजे आणि प्रश्न पलीकडून येई. नऊ वर्षं हे असं चाललं. मी खालापूरच्या एका कारखान्यात स्टोअर सांभाळते, मोजल्याशिवाय मला चैन पडत नाही. त्या नऊ वर्षांत सातच्या फोनला उत्तर आलं नाही असं मी पाच वेळा पाहिलं. त्यातल्या चार वेळा मामा पंधरा मिनिटांच्या आत तार हातात धरून डोंगराकडे चालू लागले होते. पाचव्या वेळेबद्दल पुढे सांगते.

त्यांचं नाव बाळाराम ठोंबरे. फौजेत ते लाइनमन होते आणि हवालदार होऊन निवृत्त झाले. लाइनमनचं काम म्हणजे ठाण्यापासून पुढच्या चौकीपर्यंत टेलिफोनची तार अंथरायची, आणि ती तुटली की हातात धरून तुटलेल्या जागेपर्यंत चालत जायचं. जागा सापडली की जोड मारायचा, तिथूनच पुढे आणि मागे बोलून बघायचं, दोन्हीकडून उत्तर आलं की परत फिरायचं. "वरून गोळे पडत असले तरी तार जमिनीवरच असते," ते सांगत. "मग माणसाला पण जमिनीवरूनच जायला लागतं."

कर्जतजवळ, कोंडाण्याच्या लेण्यांच्या वाटेवरच्या या गावात मी सून म्हणून आले त्याला बावीस वर्षं झाली. तेव्हा ते नुकतेच पंचावन्नचे झाले होते. चालताना त्यांची डावी मूठ अर्धी मिटलेली असायची, जणू तिच्यातून काहीतरी सरकतंय. त्या तळव्यात आडवा, कातड्यासारखा टणक पट्टा होता. कुणी काही सांगितलं की ते "बरं" किंवा "हो" म्हणत नसत, "पोचलं" म्हणत. माझ्या सासूबाई आतून ओरडायच्या, "हवालदार, चहा ठेवलाय!" आणि कुंपणापलीकडून यायचं, "पोचलं!" माझी कपडे वाळत घालायची दोरी त्यांनी मला न विचारता दोनदा सोडून पुन्हा बांधली.

"ताणून बांधू नको गं, सूनबाय. ढील ठेव. ताणलेली आधी तुटते."

"मामा, ढील ठेवली तर चादर मातीला लागते."

"चादर धुता येते," असं म्हणून ते निघून गेले.

आता त्या टेलिफोनबद्दल. तारेच्या दुसऱ्या टोकाला सुभद्रामावशी होत्या. मामांचे फौजेतले जोडीदार रघुनाथ यांच्या त्या पत्नी. रघुनाथ याच पंचक्रोशीतले. दोघे एकाच दिवशी भरती झाले, एकाच तुकडीत लाइनमन झाले आणि रघुनाथ लढाईत गेले. तेव्हा मावशींच्या पदरी अकरा महिन्यांची मुलगी होती. ती पुढे लग्न होऊन बदलापूरला गेली. मावशी मात्र डोंगराच्या पायथ्याशी, गावापासून पावणेदोन किलोमीटरवर, दोन खोल्यांच्या घरात चार शेळ्या घेऊन राहिल्या. तिथे मोबाईलला रेंज नाही. दहा वर्षांपूर्वी त्या विहिरीच्या पायरीवरून घसरल्या आणि दुसऱ्या दिवशी एक गुराखी तिकडे फिरकेपर्यंत तिथेच पडून राहिल्या. मामांना कळलं तेव्हा ते ओसरीवर जेवायला बसले होते. ताट तसंच ठेवून उठले आणि थेट खोपोलीला नजीरभाईंच्या भंगाराच्या गोदामात गेले.

लिलावात निघालेला फौजी माल नजीरभाईंकडे कधीमधी येतो. तिथे मामांना दोन जुने टेलिफोन मिळाले. हिरवट रंगाच्या पेट्या, बाजूला हँडल, आत दोन सेल, मुठीत धरायचा काळा रिसीव्हर आणि त्यावर एक पट्टी. बोलायचं तर पट्टी दाबायची, ऐकायचं तर सोडायची. सोबत काळ्या, दोन पदरांच्या जोडतारेची तीन भेंडोळी. मामा ती टेंपोत चढवत होते तेव्हा नजीरभाई म्हणाले, "काय हवालदार, सगळी दुनिया माझ्याकडं फोन टाकून जाते आणि तुमी माझ्याकडनं फोन घेऊन चाललाव!"

"तुझ्या दुनियेला रेंज हाय, नजीर," मामा म्हणाले.

तार अंथरायला त्यांना चार दिवस लागले. त्यातला एक रविवार होता, म्हणून मी बरोबर गेले. खरं सांगायचं तर मला तार बघायची होती, आमच्या कारखान्यात तारच बनते. मी तुकडा सोलून पाहिला. एका पदरात सात बारीक धागे, चार तांब्याचे, तीन पोलादाचे. "तांबं आवाज नेतं, पोलाद ताण सोसतं," मामा म्हणाले. दोन पदरांचे जोड समोरासमोर येऊ द्यायचे नाहीत, एक पुढे, एक वीतभर मागे, नाहीतर एकमेकांना लागून आवाज तिथेच मरतो. वाट ओलांडायची तिथे तार झाडावरून उंच न्यायची. मी त्या दिवशी लिहून ठेवलं होतं, मावशींच्या घरापर्यंत दोन हजार एकशे चाळीस मीटर तार, सदतीस झाडं, चार जोड. ढील धरून.

मी त्यांना विचारलं होतं, एवढं करण्यापेक्षा मोबाईलचा टॉवर येईपर्यंत थांबलं तर? मामांनी माझा हात धरून हँडलवर ठेवला.

"फिरव."

मी फिरवलं. ते सहज फिरलं, सायकलचं पायडल साखळी पडल्यावर फिरतं तसं.

"आता तार लावलेली नाय. हलकं फिरलं म्हंजे तार तुटलीय." मग त्यांनी दोन्ही टोकं एकमेकांना चिकटवली. हँडल एकदम जड झालं. "आता दोन्ही पदर लागलेत. आणि पलीकडं नीट फोन जोडलेला असला की या दोन्हीच्या मधलं. तुझा मोबाईल लागला नाय तर तुला कळतं का, का नाय लागला? बाई बोलते, 'संपर्क क्षेत्राच्या बाहेर.' कोन बाहेर? माणूस का तार? हितं हाताला कळतं."

गावात चेष्टा झालीच. म्हाताऱ्याने म्हातारीला लाइन टाकली, असं चहाच्या टपरीवर बोललं गेलं. मामांच्या पत्नी त्याआधीच गेल्या होत्या, मुलगा शेलूला फ्लॅट घेऊन राहत होता, त्यामुळे बोलणाऱ्यांना मोकळं रान होतं. मामांच्या कानावर आलं तेव्हा ते टपरीवर गेले आणि म्हणाले, "आयकायचं तर सातला पडवीत या. रोज तेच बोलतो." दोघेतिघे खरंच आले. "ठीक?" "ठीक." त्यापुढे काही नाही. तिसऱ्या दिवसापासून कुणी आलं नाही.

तारेच्या वाटेवर चार वर्षांपूर्वी फार्महाऊसचे प्लॉट पडले. एका दुपारी जेसीबीने अकरा झाडं काढली आणि त्याबरोबर तीनशे मीटर तार मातीत गेली. पाचला घंटी वाजली नाही. मामांनी हँडल फिरवून पाहिलं, हलकं. ते निघाले, मी शनिवारची घरी होते म्हणून बरोबर गेले. प्लॉटवरचा रखवालदार कुठला उत्तरेकडचा होता. मातीतून तार उपसणाऱ्या मामांना तो म्हणाला, "चाचा, वायफाय लगवा लो ना!" मला राग आला होता. मामांना आला नव्हता. लढाईत शत्रूपेक्षा आपलेच ट्रक आणि रणगाडे जास्त तारा तोडायचे, असं ते म्हणाले, आणि कुंपणाच्या बाहेरून मोजत चालू लागले. नवी वाट लांबची पडली. दोन हजार सहाशे वीस मीटर, जोड नऊ. ते काम उरकायला अंधार पडेपर्यंत थांबावं लागलं. मावशी दारात उभ्या होत्या. "भावजी, एवढं कशाला?" त्या म्हणाल्या. "म्या काय पळून चालले का?"  मामांनी तिथला फोन उचलून कानाला लावला, ठेवला, आणि पाणी पिऊन निघाले. मावशींच्या घरात ते बसलेले मी कधीच पाहिले नाहीत. उभ्यानेच पाणी प्यायचे.

त्याचं कारण मला दोन वर्षांपूर्वी कळलं. रविवार होता. सातला मामांनी फोन केला, उत्तर नाही. पुन्हा केला, नाही. तिसऱ्यांदा नाही. त्यांनी पायांत चपला घातल्या. गुडघे गेलेले होते, म्हणून मी निघाले सोबत. पाऊण तास तार हातात धरून आम्ही चाललो आणि पोचलो तर मावशी ओढ्यावर गोधड्या धूत होत्या. मामांना बघून त्या हसल्या. "आवं, घंटी आयकू नाय आली मला. पान्याचा आवाज."

परत येताना मी जरा चिडूनच विचारलं, "मामा, हँडल कसं फिरलं होतं?"

"बरोबर फिरलं होतं. मधलं."

"म्हणजे तार चांगली आहे हे तुम्हाला घरीच कळलं होतं. मग एवढं चाललो कशाला?"

ते बांधावर बसले. मला वाटलं गुडघ्यामुळे. मग बोलू लागले ते माझ्याकडे न बघता.

लढाईत रघुनाथ पुढच्या चौकीवर होते, मामा मागच्या ठाण्यावर. मधे तीन किलोमीटर तार, दोघांनी मिळूनच टाकलेली. नियम असा की ठाण्यातून दर अर्ध्या तासाने चौकीला घंटी द्यायची आणि चौकीने उत्तर द्यायचं. त्या दिवशी दुपारपासून गोळे पडत होते. साडेसहाच्या घंटीला उत्तर आलं नाही. मामांनी हँडल फिरवलं, ते मधलं फिरत होतं. तार चांगली होती. पलीकडे घंटी वाजत होती, उचलत कुणी नव्हतं. त्यांनी सुभेदाराला सांगितलं, "लाइन ठीक, जवाब नाही." सुभेदार म्हणाला, लाइन ठीक आहे ना, मग लाइनमनचं काम संपलं. तू इथेच थांब, जाऊ नको.

"मी इचारू शकलो असतो," मामा म्हणाले. "साहेब, जाऊन बघतो. चाळीस मिन्टांची वाट. नाय इचारलं. तो 'जाऊ नको' म्हनाला, आणि मला बरं वाटलं, सूनबाय. बरं वाटलं मला."

उजाडेपर्यंत दर अर्ध्या तासाने ते घंटी देत राहिले. मी मनात हिशेब केला, साडेसहा ते साडेपाच, तेवीस वेळा. सकाळी ते गेले. रघुनाथ खंदकात पडलेले होते, दोन्ही पाय गेलेले. खंदकाच्या एका टोकापासून ते टेलिफोनच्या दिशेने सरपटत आल्याची खूण मातीत होती. हात आणि फोन यांच्यात वीतभर अंतर उरलं होतं. अंग अजून पूर्ण गार झालं नव्हतं.

"म्हंजे तो आयकत होता," मामा म्हणाले. "मी वाजवत होतो आणि तो आयकत होता."

रघुनाथांची पत्र्याची पेटी घेऊन मामाच त्यांच्या घरी आले होते. दारात मावशी होत्या, कडेवर पोर. त्यांनी एकच विचारलं, "लई तरास झाला का त्यांना?" मामा म्हणाले, "नाय. जागच्या जागी गेला. कळलं पण नाय त्याला."

त्या एका वाक्यावर मावशी पन्नासहून जास्त वर्षं जगल्या होत्या. मी स्वतः त्यांच्या तोंडून ते ऐकलं आहे, देवासमोर दिवा लावताना म्हणतात तसं: "कळलं पन नाय त्यांना."

गेल्या वर्षी दिवाळीनंतर मामा पडले. एका झाडावर तार वर बांधायला स्टुलावर चढले होते. खुबा मोडला. कर्जतच्या दवाखान्यात डॉक्टर म्हणाले की हृदय अशक्त आहे, ऑपरेशन सोसणार नाही. मुलगा शेलूला न्यायला तयार होता. "शेलूपर्यंत तार नाय पोचत," मामा म्हणाले, आणि घरी आले. पडवीत खिडकीजवळ खाट टाकली, उशाशी टेलिफोन. मुलाने कामाला एक बाई ठेवली, सकाळी आठ ते दुपारी चार. बाकी वेळ आम्ही शेजारी बघायचो. पाठीला जखमा झाल्या. ताप येऊ लागला. सातचा आणि पाचचा फोन चालू होता. मावशींना ते फक्त "ठीक" सांगत, त्यामुळे त्या वीस-बावीस दिवसांत त्यांना काहीच कळलं नाही. मी सांगून येते म्हटलं तर त्यांनी हात जोडले.

एके दिवशी मी त्यांची पाठ पुसत होते तेव्हा ते म्हणाले, "वहिनीला सांगायचं ऱ्हायलंय."

मला ते चुकीचं वाटलं आणि मी तसं बोलले. "मामा, मावशींकडे तेवढी एक गोष्ट आहे. ती काढून घेऊन त्यांना काय देणार?"

"खरं."

"खऱ्याचं त्या या वयात काय करतील?"

त्यांनी मान माझ्याकडे वळवली. मग म्हणाले, "तू स्टोअर बघतेस ना गं? माल आला नसताना आला म्हनून सही केलीस कधी?"

"नाही."

"मी केलीय."

मी फडकं पिळून पुन्हा पाठ पुसू लागले. 

त्या आठवड्यातल्या शनिवारी मी दुपारीच घरी होते. पाचला पाच मिनिटं कमी असताना मी त्यांना पेज घेऊन गेले. पाचला घंटी वाजली. मामांनी हात पुढे केला नाही. ताप आहे म्हणून उचलवत नसेल असं समजून मी रिसीव्हर उचलायला गेले.

"ऱ्हाऊ दे."

"अहो, मावशी आहेत."

"म्हाईत हाय. ऱ्हाऊ दे."

घंटी थांबली. थोड्या वेळाने पुन्हा वाजली. मग तिसऱ्यांदा. ते छताकडे बघत होते. तीन घंट्यांना उत्तर नाही तर चालत जायचं, हे त्यांनीच मावशींना पहिल्या दिवशी शिकवलं होतं. तेव्हा मला समजलं ते काय करत आहेत.

"येल आता ती," ते म्हणाले. "मला कोरडा सदरा घाल."

सव्वासहाला मावशी आल्या. पंच्याहत्तरी उलटलेली बाई, सव्वा तास चालून, तार डाव्या हातात धरून आल्या होत्या. पडवीत येऊन त्यांनी खाटेकडे पाहिलं, पायाला वजन म्हणून टांगलेल्या विटा पाहिल्या, बाटलीला जोडलेली नळी पाहिली. "भावजी, हे काय वं? ठीक म्हनत होता ना रोज?" मामांनी मला डोळ्यांनी खुणावलं. मी बाहेर आले आणि दार ओढून घेतलं. आत काय बोलणं झालं ते मला माहीत नाही. मी तुळशीपाशी उभी होते. आवाज फक्त मामांचा येत होता, हळू, आणि मधे मधे थांबत. मावशींचा आवाज एकदाही आला नाही. पंचवीस मिनिटांनी त्या बाहेर आल्या. माझ्या नवऱ्याने मोटारसायकलवरून त्यांना गाडी जाईल तिथपर्यंत सोडलं. 

रविवारी सातला मामांनी फोन केला. उत्तर आलं नाही. साडेसातला केला. आठला केला. मी बाजारातून दहाच्या सुमारास परतले तेव्हा मामा त्यांना न शोभणाऱ्या, अजिजीच्या आवाजात म्हणाले, "सहा वेळा झालं. हँडल मधलं फिरतंय. तू जा, सूनबाय."

हीच ती पाचवी वेळ. मी गेले. तार कुठेही तुटलेली नव्हती. मावशी घरातच होत्या. भिंतीला टेकून जमिनीवर बसल्या होत्या, टेलिफोन समोर, हात पोचेल एवढ्या अंतरावर. शेळ्या सोडलेल्या नव्हत्या.

"मावशी, बरं नाही का?"

"बरी हाय."

"घंटी ऐकू आली नाही?"

"आली की. सगळ्या आल्या." त्यांनी पदर सारखा केला. "त्यांच्यायेळी किती येळा वाजली म्हनाले भावजी?"

मामांनी त्यांना आकडा सांगितला नसावा. मला खोटं बोलता आलं नाही. "तेवीस."

"तेवीस." त्या फोनकडे बघत राहिल्या. "म्या सा आयकल्या. सातवी आली असती तर उठून भायेर गेले असते. त्यांना उठता पन येत नव्हतं."

मी त्यांच्याजवळ बसले. काही वेळाने त्यांनी मला चहाचं विचारलं, मी नको म्हटलं. निघताना विचारलं, "मामांना काय सांगू?"

"काय आयकलंस ते सांग."

मी आले आणि जसं झालं तसं सांगितलं, एक शब्द कमी-जास्त न करता. मामा ऐकत होते. संपल्यावर म्हणाले, "पोचलं." मग तोंड भिंतीकडे केलं. त्या दिवशी पाचला घंटी वाजली नाही, आणि त्यांनीही हँडलला हात लावला नाही. रात्री मुलगा शेलूहून मुक्कामाला आला.

सोमवार उजाडला. माझी कंपनीची बस सव्वासातला नाक्यावर येते, म्हणून मी सातला घरातून निघते. सातचा फोन मामांनी करायचा असे. पण त्या दिवशी त्यांच्या खिडकीखाली आले आणि आत घंटी वाजली. मी थांबले. खिडकीच्या गजांतून खाट दिसत होती. मामांनी हात लांब केला, रिसीव्हर ओढला आणि कानाला लावला. "ठीक?" म्हणाले नाहीत. काहीच म्हणाले नाहीत. बोलायचं तर मुठीतली पट्टी दाबावी लागते. त्यांचा अंगठा पट्टीवर नव्हता, बाजूला सुटा होता. ते फक्त ऐकत होते. पलीकडून कुणी बोलत होतं की नुसतं धरून बसलं होतं, ते बाहेरून कळण्यासारखं नव्हतं. डोळे उघडे होते. मी साधारण चार मिनिटं उभी राहिले, ते तसेच होते. बस चुकली असती, म्हणून मी निघाले. मामांना मी शेवटचं पाहिलं ते असं.

साडेअकराला त्यांच्या मुलाचा फोन आला. मामा गेले होते. पुण्याहून त्यांची लेक यायची होती, तोवर अंत्यविधीसाठी थांबणार होते. मी साहेबांना विचारलं, पण आदल्या दिवशीचा माल उतरवायचा होता, दुसरं कुणी नव्हतं. आठ जणांना मी फोन करून कळवलं. मावशींच्या घरी रेंज नाही, तिथे कुणाला तरी पाठवायला हवं, निदान पाचला टेलिफोनपाशी एकाला बसवायला हवं, हे माझ्या डोक्यात आलं नाही. बाकी कुणाच्या डोक्यात येणं शक्य नव्हतं. तीन घंट्यांना उत्तर नाही तर मावशी चालत निघतात, हे मलाच माहीत होतं.

मी साडेसहाला पोचले. अंगणात वीस-पंचवीस माणसं होती. मी मामांच्या सुनेला विचारलं, पाचला घंटी वाजली का? ती म्हणाली, "हो, तीनदा. माणसं बसलेली, कसं दिसतं, म्हणून फोन शालीत गुंडाळून खाटेखाली सरकवला."

मी मागे वळून बांधाच्या बाजूला पाहिलं. त्या येतच होत्या. झाडापाशी आल्या की थांबत, वर बांधलेली तार डोळ्यांनी बघून घेत, पुढच्या झाडाशी ती खाली आली की पुन्हा मुठीत धरत. अंगणातली माणसं दिसली तेव्हा त्या उभ्या राहिल्या. तार सोडली नाही. मी त्यांच्यापर्यंत गेले.

"तार कुठं तुटली नाय," त्या म्हणाल्या. "म्या सगळी हातानं बघत आले."